वॉटी स्कोबीचा सायलेन्सर आणि मिजची दलाली

जगाच्या पार दक्षिण टोकाला, मॅनिओटोटोच्या पठाराला लागून असलेल्या त्या खोऱ्यात सकाळी एखाद्याच्या फाटकावर सशांची जोडी उलटी टांगलेली दिसली की घरधनी समजून जायचा, काल संध्याकाळी वॉटी स्कोबी आपल्या रानात येऊन गेला. चिठ्ठी नाही, फोन नाही. जोडी हीच त्याची पावती. आणि त्या जोडीतल्या एका सशाला एकच कान असला, तर मिजही बरोबर होती असं समजायचं.

मिज ही वॉटीची कुत्री. फॉक्स टेरियरची जात, पण आई कुठली ते कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. अंगाने एवढीशी, पांढरी, डाव्या डोळ्यावर तपकिरी ठिपका. वॉटीची गोळी लागून ससा काटेरी गुलाबांच्या जाळीत किंवा खडकांच्या सांदीत पडला की ती बाणासारखी सुटायची आणि तो तोंडात धरून आणून त्याच्या बुटांपाशी ठेवायची. मात्र संध्याकाळच्या पहिल्या सशाचा एक कान ती वाटेत खाऊन टाकायची. फक्त पहिल्याचा, आणि एकच. ती लहान असताना वॉटीने तिला त्याबद्दल रागावून पाहिलं, मग नाद सोडला. "दलाली आहे तिची," तो लोकांना सांगायचा. "दलाल ठेवला तर दलाली द्यायला नको?"

वॉटी तरुणपणी मेंढ्यांची लोकर कातरणारा. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये, पाठ वाकवून, उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली. पाठीने जाब विचारल्यावर त्याने कात्री खाली ठेवली आणि बापाची पॉइंट टू-टू रायफल भिंतीवरून उतरवली. त्या खोऱ्यात ससे म्हणजे शाप. पावसाळी हिवाळा गेला, गवत जरा वर आलं, की मेंढ्यांच्या आधी सशांचं जेवण. उतारच्या उतार पोखरून टाकतात. वॉटी रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या रानात जायचा, आणि लोक त्याला कुणी अर्धी मेंढी, कुणी पिकअपभर लाकूड, कुणी जर्दाळूचं खोकं असं देत. पुढे कंबरेचा सांधा गेला. चढावर चढणं जमेना. तेव्हापासून तो खाली पाटाच्या कडेला बसून बार टाकायचा आणि चढाचं सगळं काम मिज करायची.

माणूस काटकसरी, म्हणजे खोऱ्यातल्या इतर काटकसरी माणसांनीही हसावं इतका. वाकडे खिळे ठोकून सरळ करायचा. पावाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायचा. गावातलं किराणा-हत्यारांचं जुनं दुकान बंद झालं तेव्हा तिथली काडतुसं त्याने कपाटभर आणून ठेवली होती. "मरेपर्यंत बघायला नको," असं तेव्हा तो म्हणाला होता. त्यावर त्याची बायको नोला म्हणाली होती, "मग तुला बराच जगायला लागणार."

खोऱ्यात सगळ्यांच्या बंदुकांना सायलेन्सर होते. कॉलेजला जाणाऱ्या पोरींच्या बंदुकांनाही. एकट्या वॉटीच्या नव्हता. "बंदूक म्हणजे काय मोटारसायकल आहे?" तो म्हणायचा. "बार वाजला की शेजाऱ्याला कळतं, म्हातारा कुठे बसलाय ते. मी मेलो तर शोधायला सोपं." खरं कारण वेगळं होतं. सायलेन्सर बसवायचा तर नळीच्या तोंडाला आटे पाडावे लागतात, आणि ती नळी त्याच्या बापाची होती.

मग नोव्हेंबर आला. दर नोव्हेंबरात फटाक्यांची रात्र असते, तशी ती झाली. शाळेच्या मैदानावर शेकोटी, सगळं गाव तिथे, आणि मिज लोकर-शेडमध्ये साखळीला. कुणाच्या तरी पोरांनी उरलेले बाण त्याच शेडच्या, खुंटांवर उचललेल्या लाकडी जमिनीखाली पेटवले. कुणाच्या, ते कळलं नाही. वॉटीने विचारलंही नाही. मिज साखळी तोडून पळाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली, न्हाणीघराच्या जमिनीखाली, मातीत तोंड खुपसून.

त्यानंतर पहिला बार वाजला आणि ती घरी पळाली. दुसऱ्या वेळीही तेच. पुढे पुढे वॉटीने कोट चढवला की ती आनंदाने दारापाशी यायची, शेपटी हलवायची, आणि बंदूक दिसली की थरथर कापत तिथेच बसायची. जायचं तर होतं, पण जाववत नव्हतं. वॉटी एकटा गेला की ती फाटकाच्या फटीतून तोंड बाहेर काढून तो परत येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहायची. हे बघणं वॉटीला सोसेना. संध्याकाळी तो परत यायचा तर हात रिकामे. ससे पडायचे, पण चढावर जाऊन आणणार कोण?

शेजारचा कॉलिन हीनन भला माणूस. त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. कुंपणावर कोपरं टेकून तो म्हणाला, "वॉटी, एक नर बाजूला ठेवलाय. ईस्टरला आईपासून सुटेल. घेऊन जा."

"मला कुत्री आहे."

"आहे रे. पण तिला आता बसू दे की शेकत. तुझ्यापेक्षा तिने जास्त काम केलंय."

"हे तू मला सांगू नको."

"ईस्टरपर्यंत सांग मग. नाहीतर माझा मेव्हणा, मॉरीनचा भाऊ, मागे लागलाय त्याच्यासाठी."

घरी येऊन वॉटीने हे नोलाला सांगितलं. ती ओट्याशी चीज रोल करत होती. शाळेच्या मदतीसाठी दर वर्षी बायका शेकड्यांनी करतात, पावाच्या स्लाइसला चीज फासून गुंडाळायचं आणि भाजायचं.

"पिल्लू आलं तर मिजचं काय?" तिने विचारलं.

"काय म्हणजे? राहील."

"राहील खरी. पण पहिल्या दिवशी तू पिल्लाला घेऊन फाटकाबाहेर जाशील आणि ती आतून बघेल. तेव्हा मी घरात नसणार, आधीच सांगते. आईला भेटायला जाईन."

"तुझी आई वारून वर्षं झाली."

"मग थडग्यावर जाईन. पण इथे थांबणार नाही."

वॉटी चहा प्यायला, उठला, भिंतीवरची रायफल काढून तिच्या तोंडावरून अंगठा फिरवत बसला. नोलाने मागे न बघताच म्हटलं, "तुझ्या बापाने पहिल्या दिवशीच सायलेन्सर लावला असता. तुझी आई किती करवादायची त्या आवाजाला. त्याच्या वेळी मिळत नव्हता, एवढंच."

दुसऱ्या दिवशी वॉटी गावात शोनाच्या दुकानात गेला. शोनाचं बंदुकांचं आणि मासेमारीचं दुकान. ती आणि नोला एका बाकावर शिकलेल्या. वॉटी दारातून आत आला आणि सायलेन्सर म्हणाला तेव्हा ती गळ बांधत होती. तिने गळ खाली ठेवला.

"कुणासाठी?"

"मिजसाठी."

ती हसली नाही. हे वॉटीच्या लक्षात राहिलं. तिने काचेखालून सायलेन्सर काढून हिरव्या कापडावर ओळीने मांडले. वॉटीने चष्मा चढवला आणि कातरायला मेंढी निवडावी तसा एकेक उचलून बघू लागला.

"हा सगळ्यांत हलका," शोना म्हणाली. "पण बंद डबा आहे. उघडत नाही."

"मग आतली घाण?"

"आतच राहते."

वॉटीने तो नासलेल्या माशाचा डबा सरकवावा तसा बाजूला सरकवला. टू-टूची काडतुसं किती घाण करतात ते त्याला ठाऊक होतं. शिसं आणि काजळी, चिकट, काळी.

"हा स्टीलचा. जन्मभर जाईल."

त्याने तो हातावर तोलला. मग भिंतीशी उभ्या केलेल्या एका रायफलच्या टोकाशी धरून बघितला. "माझा जन्म एवढा उरला नाही. आणि हे टोकाला लावलं तर बंदूक नाक खाली घालून चालेल, आमच्या पाद्रीबुवांसारखी."

"मग हा छोटा घे. गाडीतून काढता-घालता अडकत नाही."

"गप्प किती?"

"लांबड्याइतका नाही."

"मग छोटा काय कामाचा? तो तर गाडीसाठी झाला. मला कुत्रीसाठी पाहिजे."

शेवटी त्याने एक मधलाच निवडला. वरची नळी ॲल्युमिनियमची, मागचं झाकण आट्यांचं, ते फिरवलं की आतल्या वाट्यांसारख्या चकत्या एकामागून एक हातावर येत. शोनाने त्या काढून दाखवल्या, मग वॉटीने काढून बघितल्या, पुन्हा रचल्या, पुन्हा काढल्या. चकत्या उलट्या बसत नाहीत याची खात्री होईपर्यंत त्याचं हेच चाललं होतं. मग बापाची रायफल त्याने काउंटरवर ठेवली, मागच्या खोलीत शोनाचा भाऊ लेथ चालवायचा त्याच्याकडे द्यायला. ठेवली, पण हात उचलला नाही.

"टोकाचं एवढंसंच कापेल," शोना म्हणाली. "सायलेन्सर काढलास तर वर टोपी बसते. दिसणारही नाही."

"दिसेल. मला."

"हो. तुला दिसेल."

त्याने हात उचलला.

रायफल घ्यायला तो पुन्हा गेला तेव्हा शोना म्हणाली, "काडतुसं देऊ का? सायलेन्सरची—"

"घरी आहेत."

"अरे, पण कसली?"

"टू-टूची. दुसरी कसली असणार?"

"वॉटी, ऐक तरी—"

"शोना, घरी कपाट भरून आहेत," तो म्हणाला आणि दार लावून निघून गेला. काही तरी नवं गळ्यात मारलं जाईल अशी भीती वाटली की तो असाच निघायचा.

घरामागे मातीचा उंच बांध होता. त्याच्या पुढ्यात खांबावर पीचचा रिकामा डबा ठेवून वॉटी गुडघ्यावर बसला. मिजला नोलाने न्हाणीघराच्या दारात मांडीवर घेतलं होतं. वॉटीने बार टाकला. टाळी वाजावी तसा कडक आवाज बांधावरून परत आला. पहिल्यापेक्षा कमी होता, नाही असं नाही. पण मिजला कमी-जास्तीशी काय करायचंय? ती नोलाच्या मांडीवरून उडी मारून न्हाणीघराच्या जमिनीखाली गेली ती आलीच नाही.

"हाच का तो गप्प बसणारा?" नोला एप्रन झटकत म्हणाली.

वॉटीने सायलेन्सर उघडून बघितला, चकत्या बघितल्या, पुन्हा लावला, पुन्हा बार टाकला. तोच कडक आवाज. डबाही हलला नाही. गोळ्या खाली मातीत घुसत होत्या. तो दातओठ खात उठला. बापाची नळी कापून घेतली होती, ती याच्यासाठी!

दुसऱ्या सकाळी तो शोनाच्या काउंटरपुढे उभा होता. "परत घे."

"काय झालं?"

"बोलतो. भरपूर बोलतो."

"कुठल्या काडतुसांनी?"

वॉटीने खिशातून एक काढून कापडावर ठेवलं. शोनाने ते बघितलं आणि मागच्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "अरे, बाहेर ये, गंमत बघ!" मग वॉटीकडे वळून म्हणाली, "ही पळणारी आहेत. आवाजापेक्षा जोरात पळतात. म्हणून गोळी हवेतच फटका मारत जाते. सायलेन्सर तुझ्या बंदुकीचं तोंड बांधतो, वॉटी. गोळीचं कसं बांधणार? त्याला मंद काडतुसं लागतात. तेच सांगत होते, तर तू दार लावून गेलास."

वॉटीने काडतूस उचलून खिशात टाकलं. "मग कपाटातली?"

"ती ठेव. फटाके म्हणून वापर."

हे बोलल्यावर तिला स्वतःलाच वाईट वाटलं, कारण वॉटीचा चेहरा उतरला. तिने मंद काडतुसांची डबी पुढे केली, आणि त्याने मुकाट्याने घेतली. तिच्या भावाने दाराशी उभं राहून सांगितलं की टोकाला वजन आलंय आणि गोळीही मंद, निशाण खाली उतरणारच. दुर्बिणीचा स्क्रू फिरवून घे. तेही वॉटीने मुकाट्याने ऐकलं. दोन दिवसांत इतकं ऐकून घ्यायची त्याला सवय नव्हती.

त्या दुपारी बांधापुढे त्याने घोडा ओढला आणि क्षणभर वाटलं, काडतूस फुसकं निघालं. ओला टॉवेल खुर्चीवर टाकावा एवढा आवाज. पलीकडे मातीत गोळी रुतल्याचा 'थप' त्याहून मोठा. कुंपणावर बसलेली मॅगपाय उडाली नाही. त्याने दुर्बिणीचा स्क्रू फिरवत फिरवत डबा खांबावरून पाडला, पुन्हा ठेवला, पुन्हा पाडला.

"ए, कधी उडवणार आहेस?" नोला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली. "मी कानांत बोटं घालून उभी आहे. रोल जळताहेत."

"उडवून झालं!"

"चल, काहीतरीच."

वॉटी मोठ्याने हसला. नोव्हेंबरानंतर पहिल्यांदा हसला, असं नोला पुढे सांगायची.

तो हर्ष संध्याकाळपर्यंतच टिकला. मिजला गाडीत घालून तो पाटावर गेला. ती कापत होती, पण आली. त्याने तिला शेजारी बसवलं, पाठीवरून हात फिरवला, ससा दिसला, काडतूस घालून बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता अडसर, पुढे ढकलून लावला, आणि गोळी सुटायच्या आधीच मिज पळत सुटली. रस्त्याच्या वळणावर पांढरा ठिपका दिसेनासा झाला. वॉटी दगडावर बसून राहिला. समोर ससे चरत होते. बार झालाच नाही, तर ती भ्याली कशाला? याचा एकच अर्थ त्याला लागला, आणि तो त्याने घरी येऊन नोलाला सांगितला.

"बंदुकीला नाही भीत ती. मला भिते."

"वेडा आहेस."

"कॉलिनला फोन कर. पिल्लू घेतो म्हणावं."

नोलाने फोन केला नाही. उद्या करते म्हणाली आणि टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून दिलं. वॉटीने सायलेन्सर खोलला, चकत्या पुसायला काढल्या. काम हातात असलं की तो जरा माणसांत असायचा. मिज चुलीपुढे पसरली होती. बंदूक टेबलावर होती तरी डोळे मिटलेले. वॉटीने नळी पुसली, आणि हातासरशी रिकामा बोल्ट पुढे ढकलून लावला. टक्.

मिज चुलीपुढून कोचाखाली.

नोलाच्या हातातली बशी तशीच राहिली. "गोळी होती?"

"रिकामी आहे. बघ."

"तू तिच्याकडे बघितलंस?"

"नाही. नळीकडे बघत होतो."

"मग तुला कशी भ्याली?" ती कोचापाशी वाकली. पुन्हा सरळ झाली. "वॉटी, बोल्ट लागला की बार येतो, हे तिला लहानपणापासून पाठ आहे. तिचा फटाका या 'टक्'पासून सुरू होतो. तू त्या फटाक्याचं शेपूट बांधलंस, तोंड मोकळंच आहे."

वॉटी बोल्टकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मला नाही भीत."

"तुला कोण भीतं या घरात?"

दुसऱ्या दिवसापासून मिजचं जेवण बंदुकीबरोबर वाढलं जाऊ लागलं. आधी वॉटी रिकामी रायफल घेऊन न्हाणीघरात दार लावून बसायचा आणि 'टक्' करायचा; इकडे स्वयंपाकघरात नोला मिजपुढे भाजलेल्या मटणाची चरबी टाकायची. मग दार उघडं. मग वॉटी दारात. मग ओट्यापाशी. एकदा चर्चमधल्या मिसेस ट्वीड फुलांच्या पाळीबद्दल विचारायला आल्या, तर आत वॉटी जमिनीवर फतकल मारून बसलेला, मांडीवर रायफल, एका हाताने 'टक्' करतोय आणि दुसऱ्या हाताने कुत्रीला चरबी भरवतोय. बाई दारातूनच म्हणाल्या, "मी नंतर येते, नोला."

"या की आत! तो फक्त स्वयंपाकाला मदत करतोय."

ईस्टर जवळ आला, म्हणजे तिकडची पानगळ. पाटाकडेचे पॉप्लर पिवळेजर्द झाले, काटेरी गुलाबांवर लाल फळं धरली. 'टक्' ऐकून आता मिज कोचाखाली जात नव्हती. वॉटीच्या हाताकडे बघत होती. पण स्वयंपाकघर वेगळं आणि रान वेगळं. कॉलिनचा निरोप आला, शनिवारी पिल्लं जाणार, काय ते सांग. नोला म्हणाली, "आज जा. आज नाही तर मग नाहीच."

गेला. कॉलिनच्या रानात, पाटाच्या कडेला, नेहमीच्या दगडावर. मिज शेजारी. ऊन उतरणीला लागलं तसे चढावरचे ससे बाहेर आले. वॉटीने बोल्ट लावला. टक्. तिचं अंग एकदा शहारलं; त्याच्या पायाला टेकलेलं होतं म्हणून त्याला कळलं. पण ती बसून राहिली. त्याने तिला चरबीचा तुकडा दिला, थांबला, मग निशाण धरून घोडा ओढला. ओल्या टॉवेलचा आवाज. वर जाळीच्या तोंडाशी ससा कलंडला. त्याच्या बाजूचे ससे चरतच राहिले.

मिजही बसून राहिली. तिच्या हिशेबी काही झालंच नव्हतं. जन्मभर ती बाराच्या आवाजावर सुटलेली. आता आवाजच नाही, तर सुटायचं कशावर?

वॉटीला हे सुचलंच नव्हतं. एवढा खटाटोप केला तो आवाज घालवायला, आणि आता हिला कळवायचं कसं? त्याने चढाकडे बघितलं, कंबरेकडे बघितलं. बोट दाखवलं, मिजने बोटाचा वास घेतला. शेवटी सवयीनं त्याने बोल्ट मागे ओढला आणि रिकामं काडतूस उडून गवतात पडलं. टक्.

मिजने त्याच्या हाताकडे बघितलं. त्याने हात पालथा केला, उताणा केला. रिकामा. खिशातली चरबी संपली होती. "नाही गं," तो म्हणाला, "इथे नाही." ती त्या हाताकडे बघत राहिली, मग नळीच्या तोंडाकडे, मग नळी वळली होती त्या चढाकडे. वरून वारा येत होता. तिचं नाक हललं.

आणि ती सुटली.

वॉटी उभा राहिला, कंबर विसरून. पांढरा ठिपका उतारावरून वर गेला, जाळीत शिरला, हलला, थांबला. बराच वेळ थांबला. मग खाली येऊ लागला, सशाच्या वजनाने डुलत, पुढचे पाय फाकवत. बुटांपाशी ससा ठेवून ती मागे सरली आणि जिभेने तोंड पुसू लागली. वॉटीने ससा उचलून बघितला. एक कान नव्हता.

"घेतलीस ना दलाली," तो म्हणाला. मग जोडी पुरी करायला त्याने दगडावर बसून दुसरं काडतूस घातलं.

दुसऱ्या सकाळी फोन वाजला. नोलाने उचलला आणि त्याच्याकडे दिला.

"वॉटी," कॉलिन म्हणत होता, "फाटकावर ससे आहेत."

"हो का."

"मी काल संध्याकाळभर कुंपण दुरुस्त करत होतो. एक बार ऐकला नाही. विष तर नाही ना घातलंस?"

"शिजवून बघ. मेलास तर समज."

पलीकडे शांतता. फाटकापर्यंत जाऊन यायला लागेल एवढी लांब. मग कॉलिनचा आवाज आला, जरा धापत.

"एकाला एकच कान आहे."

"हो."

"मॉरीनच्या भावाला फोन करतो मग. तो कधीपासून मागे लागलाय त्या पिल्लाच्या."

"कर," वॉटी म्हणाला. "आणि त्याला काडतुसं हवी असतील तर विचार. माझ्याकडे कपाटभर आहेत. जरा बोलकी आहेत, पण चांगली आहेत."